लिव्हरपूलची सतार

बाबालालचाचांनी पाकीट माझ्या टाइपरायटरवर ठेवलं, तेव्हा मी धोब्याकडे जाणाऱ्या चादरींची यादी टाइप करत होते.

"वाच बेटी," ते म्हणाले. "सकाळपासून तिघांना दाखवलं. एकजण म्हणतो नोटीस आहे, एकजण म्हणतो लग्नपत्रिका आहे. पोस्टमन नुसतंच म्हणतो, विलायतेचा शिक्का आहे, जपून ठेवा."

चाचा सतारी करायचे. आमच्या घरामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं आणि तिथे भिंतीला सतारींचे भोपळे टांगलेले असायचे. मिरजेत सतारमेकर पुष्कळ होते, पण घरात इंग्रजी येणारी मुलगी असलेला शेजारी चाचांनाच होता. मी रिबेका लोंढे, वय वर्षे वीस, दवाखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट.

मी पाकीट उघडलं आणि वाचता वाचता मराठीत सांगू लागले.

"प्रिय महाशय, मी लिव्हरपूलला राहतो. तुमच्या गावात काम करून आलेल्या एका नर्सकडून तुमचं नाव कळलं. आमचा इथे एक ग्रुप आहे. सध्या इकडे सतारीचं फार वेड पसरलंय आणि मलाही ती शिकायची आहे. माझ्यासाठी एक सतार कराल का? मात्र ती माझ्या घरी पाठवू नका. घरी समजलं तर फार गोंधळ उडेल. खाली मित्राचा पत्ता दिला आहे. आपला, जॉर्ज एच."

मी पुन्हा वरपासून वाचलं. लिव्हरपूल. ग्रुप. सतार. जॉर्ज. मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

"काय झालं? कोण मेलं काय?" चाचांनी विचारलं.

"चाचा, हा कोण आहे ठाऊक आहे का तुम्हाला?"

"तुला विचारायला तर आलो."

हे १९६६ सालच्या नोव्हेंबरातलं. तेव्हा विलायती बँडांच्या बाबतीत मिरजेत माझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं. माझी मैत्रीण कुसुम वायदंडे नर्सिंग शिकत होती, तिला थोडं कळायचं. नर्सेसच्या वसतिगृहात दवाखान्यातल्या इंग्रज मार्गारेट सिस्टरांनी मायदेशी जाताना एक रेकॉर्ड प्लेअर, सात रेकॉर्डी आणि मासिकांचा गठ्ठा मागे ठेवला होता. त्यावर आम्ही दोघींनी एवढा अभ्यास केला होता, की तेवढा मॅट्रिकला केला असता तर डॉक्टर झालो असतो. दर रविवारी चर्च सुटलं की आम्ही वहीत बँडांचे नंबर लावायचो. आवाजाला चाळीस गुण, चालीला चाळीस, केसांना वीस. बीटल्स पहिले, हे ठरलेलं. भांडण दुसऱ्या नंबरासाठी. माझे किंक्स, तिचे रोलिंग स्टोन्स.

"तुझे किंक्स पेन्शनरासारखे गातात," कुसुम म्हणायची.

"तुझे स्टोन्स गातच नाहीत. भाडेकरूशी भांडतात."

हॉलीज आणि सर्चर्स चौथ्या-पाचव्या नंबरावर वरखाली होत. माझे वडील, लोंढे मास्तर, शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. त्यांना हे काहीच मान्य नव्हतं. ॲनिमल्स नावाचाही एक बँड आहे, हे कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "निदान प्रामाणिक आहेत."

तर मी चाचांना सगळं समजावून सांगितलं. लिव्हरपूलचे चौघेजण, जगभर नाव, पोरी रस्त्यात बेशुद्ध पडतात, आणि त्यातला जॉर्ज हल्ली सतार शिकतोय. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"घरी गोंधळ का उडेल?" त्यांनी विचारलं.

"घराला गराडा असतो चाचा, लोकांचा. सतार आलेली दिसली तर दारं मोडतील."

"असं. बरं, मग त्याला लिही, हात कागदावर ठेवून पेन्सिलीने काढून पाठव. दोन्ही हात. आणि मांडी घालून बसल्यावर जमिनीपासून खांदा किती उंच येतो, तेही. हात बघितल्याशिवाय मी लाकूड घेत नाही."

मी लिहिलं. आणि खाली, चाचांना न विचारता, माझ्या मनाने एक ओळ घातली. 'आपण कोण आहात हे आम्हाला ठाऊक आहे. आपलं गुपित आमच्याजवळ सुरक्षित आहे.'

गुपित संध्याकाळपर्यंत सुरक्षित राहिलं. मी फक्त कुसुमला सांगितलं. कुसुमने फक्त वॉर्डात सांगितलं. चाचांचा मुलगा युनूस दुकानाची विक्री बघायचा. त्याला हे दुसऱ्या दिवशी केस कापताना न्हाव्याकडून कळलं आणि तो अर्धे केस तसेच ठेवून माझ्या ऑफिसात आला.

"रिबेका, खरं काय गं?"

"अगदी नक्की असं नाही..."

"पण तू वाचलंस ना?"

"वाचलं."

तेवढं त्याला पुरलं. त्याने पेंटरला बोर्ड सांगितला, 'जगप्रसिद्ध बीटल मंडळींचे सतारमेकर'. खाली चौघांचं चित्र. पेंटरने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्याने आपल्या अंदाजाने चारही जणांना मिशा काढल्या. युनूस चिडला, मीही चिडले. पण पुढे काही महिन्यांनी खरोखरच त्या चौघांचे मिशांतले फोटो आले आणि पेंटर आमच्याकडे वर मान करून बघू लागला.

जानेवारीत हात आले. जाड कागदावर पेन्सिलीने काढलेले दोन पंजे. खाली फक्त 'डावा', 'उजवा' आणि खांद्याची उंची. चाचांनी कागद दुकानाच्या उंबऱ्यात उन्हात धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"कष्टाचा हात आहे," ते म्हणाले. "सांधे रुंद आहेत बघ. दिवसभर काहीतरी घट्ट धरून उभा राहणारा माणूस. आणि डावी करंगळी अर्धी आहे."

"अर्धी?"

"गेलेली आहे. काही बिघडत नाही. सतारीला करंगळीचं काम नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते कागदावर सुतळी लावून बोटं मोजत होते.

मी कागदाची नक्कल काढून वसतिगृहावर धावले. आम्ही मासिकातला मोठा फोटो काढला. गिटारवर डावा हात, बोटं स्पष्ट. करंगळी अख्खी.

"फोटो जुना असेल," कुसुम म्हणाली.

"ऑगस्टमधला आहे."

"मग ऑगस्टनंतर तुटली असेल."

"त्याची करंगळी तुटली असती तर रेडिओवर आलं नसतं?"

कुसुमने मासिक मिटलं. मग म्हणाली, "मार्गारेट सिस्टरना लिहून विचार ना. त्याला नाव सांगणारी नर्स म्हणजे त्याच असणार."

विचारता आलं असतं. पंधरा दिवसांत उत्तरही आलं असतं. पण मला विचारायचं नव्हतं. गेले दोन महिने गल्लीतल्या बायका मला वाट देत होत्या. ऑफिसातले हेडक्लार्क मला 'तुमचे ते काय म्हणतात?' असं विचारायचे. आणि मला आतून वाटत होतं, की एखाद्या गोष्टीकडे आपण पुरेसा वेळ न पाहता राहिलो, तर ती आपल्याला हवी तशी होऊन बसेल.

मी नक्कल फाडून टाकली आणि सतार जसजशी होत गेली तसतशी दुकानात जाणं कमी केलं.

तेवढ्यात आबासाहेब बेडेकर या प्रकरणात शिरले. हे आमच्याकडच्या एका संगीत मंडळाचे अध्यक्ष. दर सभेला त्यांना अध्यक्ष व्हायचं असायचं आणि सभा कमी पडत. त्यांनी ठरवलं, की सतार परदेशी निघण्याआधी तिचा सत्कार करायचा. सतारीचा. दुकानासमोर मांडव, खुर्च्या, सांगलीहून एक वार्ताहर. युनूसच्या आग्रहावरून मीच लिव्हरपूलला कळवलं, 'अमुक तारखेला सारं गाव आपला गौरव करणार आहे.' 

फेब्रुवारीतली दुपार. मांडवात साठसत्तर माणसं. पहिल्या रांगेत, दुभाषीचे वडील म्हणून, पप्पांना बसवलं होतं. पाटावर सतार उभी. ती बघून मात्र मी सगळं विसरले. गळ्यावर कोवळ्या वेलीचं नक्षीकाम होतं आणि ऊन पडलं की पॉलिश मधासारखं दिसायचं. चाचांनी तिची तार एकदाच छेडली होती, तर मांडव घालणारी माणसं दोर सोडून उभी राहिली होती. चाचा स्वतः मात्र एका कोपऱ्यात, कुणीतरी जबरदस्तीने बांधलेला फेटा सावरत बसले होते.

आबासाहेबांनी सतारीला हार घातला आणि भाषण सुरू केलं. चौघे बीटल हे सख्खे भाऊ आहेत असा त्यांचा समज होता. "धन्य ती माउली, जिच्या पोटी असे चार बंधू जन्मले," असं ते म्हणत असतानाच पोस्टमन मांडवात आला. हातात निळं पाकीट.

"लिव्हरपूल," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. आबासाहेबांना तर हा आपल्या भाषणाचाच परिणाम वाटला.

"वाचा ताई," ते म्हणाले. "सर्वांसमक्ष वाचा."

मी पाकीट फोडलं. पत्र दोन पानी होतं. मी मनात पहिल्या चार ओळी वाचल्या आणि पत्र पुन्हा पाकिटात घालू लागले.

"मोठ्याने," मागून कुणीतरी म्हणालं.

मी वाचायला लागले. "प्रिय बाबालाल मिस्त्री. आपण लिहिलंत, की मी कोण आहे हे आपल्याला ठाऊक आहे. हे वाचून मला दोन रात्री झोप आली नाही."

"नम्र आहे," आबासाहेब म्हणाले.

पुढचं वाक्य होतं, 'मी सव्वीस वर्षं बसवर कंडक्टर आहे.'

"मी सव्वीस वर्षं सतत प्रवासात असतो," मी वाचलं.

"कलावंताचं आयुष्य," आबासाहेब लोकांकडे वळून म्हणाले. वार्ताहराने लिहिता लिहिता मान वर केली. "सव्वीस वर्षं? वय काय म्हणालात त्यांचं?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं. पुढे होतं, 'ग्रुप म्हणजे आमच्या डेपोचा पितळी बँड, त्यात मी भलं मोठं भोंग्यासारखं वाद्य फुंकतो.'

"आमच्या ग्रुपात मी एक फार मोठं वाद्य वाजवतो."

'माझी करंगळी बसच्या दारात सापडली.'

"प्रवासात एकदा माझी करंगळी गेली."

मांडवात हळहळ पसरली. मागे एक बाई "अगं बाई, लहान आहे गं अजून" असं म्हणाली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून खोकला आला. तो मी ओळखत होते. वर्गात पोराने व्याकरण चुकवलं की पप्पा तसे खोकायचे. ते माझ्या अगदी समोर बसले होते आणि दुपारचं ऊन त्या पातळ निळ्या कागदातून आरपार येत होतं. त्यांना मागून काही वाचता येत होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

मी पान उलटलं. शेवटचा परिच्छेद मनात वाचला आणि कागद खाली केला.

"काय म्हणतोय?" युनूसने विचारलं.

पप्पा उठले नाहीत. आवाजही चढवला नाही. "रिबेका," ते म्हणाले, "पुढचं वाच. आणि मग मागचंही पुन्हा एकदा वाच."

मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला होता आणि ते माझ्याकडे बघत होते, एखादी तार किंचित उतरलेली असावी तसे.

मग मी वाचलं. सगळं, वरपासून. माझं नाव जॉर्ज हॅरॉप. वय अठ्ठावन्न. मी बसवर कंडक्टर आहे. आमच्या भागातल्या पोरांच्या बँडमुळे सगळीकडे सतार ऐकू येऊ लागली आणि मला ती सुटेना. आमच्या शेजारच्या मार्गारेटने तुमचं नाव सांगितलं. घरी पाठवू नका म्हणालो, कारण माझी बायको एडना. तिने डेपोचं वाद्य कसंबसं सहन केलंय आणि आणखी एक वाद्य घरात आलं तर ती बहिणीकडे जाईल. तुमच्या गावात माझा सत्कार आहे असं वाचलं. कुणीतरी मला दुसराच कुणी समजलं आहे अशी भीती वाटते. तसं असेल आणि माझ्यासारख्या माणसाला तुमची सतार द्यायची नसेल, तर मी समजू शकतो. फक्त हातांचा कागद परत पाठवू नका. चुकून घरी आलं तर एडना टपाल उघडते.

मी कागद मिटला.

"म्हणजे कंडक्टर?" आबासाहेब म्हणाले.

"हो."

"बसचा?"

"तिकडे बस दुमजली असते," पप्पा म्हणाले. त्यांनी हे का सांगितलं कुणास ठाऊक. बहुधा मला मदत म्हणून.

पण आबासाहेबांचं समाधान झालं नाही. त्यांनी हार काढून घेतला, सतारीच्या गळ्यातला, आणि तो हातात धरून काय करावं हे न समजून शेवटी स्वतःच्याच पिशवीत घातला. लोक उठले. काही हसत गेले, काही चिडून. युनूस बोर्डाकडे पाठ करून उभा होता. वार्ताहर तेवढा चहा मागून बसला.

मी चाचांसमोर जाऊन उभी राहिले.

"मला माहीत होतं, चाचा. हात आले तेव्हापासून."

"मग माझ्या दुकानात खोटं का चालू दिलंस?"

"मला वाटत होतं, तोच असावा."

 चाचांनी सतार उचलून मांडीवर घेतली आणि हारातून पडलेला झेंडूचा चुरा फुंकून काढला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. जवळजवळ दहा वर्षं मी त्यांच्या उंबऱ्यात येत-जात होते आणि इतका वेळ ते माझ्याशी न बोलता कधी राहिले नव्हते.

"शेवटी काय विचारलंय त्याने?" त्यांनी एकदम विचारलं. "ते परत सांग."

"माझ्यासारख्या माणसाला द्यायची नसेल, तर मी समजू शकतो."

"हात त्याचाच आहे ना?"

"हो."

"मग सतार त्याचीच की. माप त्याच्या हाताचं आहे, दुसऱ्याला बसेल कशी?" त्यांनी युनूसला पेटी आणायला सांगितली. "आणि तू आत्ताच्या आत्ता उत्तर लिही. त्या माणसाला हे लिहिताना शरम वाटलीये. ती जाईल असं लिही. इंग्रजीत जमतं का तसं?"

"जमवते."

घरी जाताना पप्पा पुढे चालत होते. मी बोलणी खायच्या तयारीने चालत होते. कोपऱ्यावर आल्यावर ते म्हणाले, "'बसवर कंडक्टर' याचं भाषांतर 'सतत प्रवासात'. एकोणतीस वर्षं शिकवतोय मी, असं अजून कुणी केलं नव्हतं." आणि मग, रस्ता ओलांडता ओलांडता, "ते उत्तर मला दाखव. अशा पत्रात शब्द चुकून चालणार नाही."

मी तीन खर्डे केले. पप्पांनी दोन खोडले. तिसऱ्यात मी लिहिलं, की तुम्हाला दुसरा कुणी समजण्याची चूक माझी, बाबालाल मिस्त्रींची नाही. त्यांनी पहिल्या दिवसापासून सतार तुमच्याच हातासाठी केली आहे. हे खरं असल्यामुळे लिहायला सोपं गेलं.

वार्ताहराने चार ओळी छापल्या, 'मिरजेची सतार विलायती कंडक्टरच्या घरी'. गंमत म्हणजे त्या चार ओळींवरून दोन कंडक्टर आणि एक रेल्वेचा गार्ड चाचांकडे चौकशीला आले. युनूसने बोर्डावरची 'बीटल मंडळी' खोडून घेतली. मिशीवाले चौघे तेवढे राहिले. आलेली माणसं ते गवई कोण म्हणून विचारत आणि युनूस पॉलिशचा डबा ढवळत बसे.

जूनमध्ये हॅरॉपसाहेबांचं पत्र आलं. मी ते फोडलं नाही. ऑफिस सुटल्यावर तसंच दुकानात नेलं, कुसुमही सोबत आली आणि चाचांनी हातातलं काम खाली ठेवलं.

सतार सुखरूप पोचली होती. पण मित्राचा पत्ता म्हणजे डेपोचाच होता, आणि तो सुट्टीवर असल्यामुळे डेपोने ती थेट घरी पाठवली होती आणि पेटी एडनाबाईंनीच उघडली होती. त्या एक दिवस बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सतार पुसून दिवाणखान्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी विचारलं, 'हिच्यावर प्रार्थनागीत बसेल का?' बहिणीकडे जाण्याचं नाव पुन्हा निघालं नव्हतं. बाकी, हॅरॉपसाहेबांनी लिहिलं होतं, की त्यांना अद्याप एकही सूर नीट लागत नाही आणि शेजारचं कुत्रं भिंतीजवळ बसेनासं झालं आहे. तिथे शिकवणारं कुणी नव्हतं. बाबालाल मिस्त्री दोन शब्द सांगतील का?

त्या पत्रानंतर अकरा वर्षं दोघांचा पत्रव्यवहार चालला आणि दोन्ही बाजूंची पत्रं माझ्याच हातांतून गेली. पुढे दवाखान्याची नोकरी सोडून मी चाचांच्याच दुकानात पत्रं लिहायला बसले, तीही त्यामुळेच. पण त्या दिवशी हे कुणालाच माहीत नव्हतं.

पत्रासोबत एक फोटो होता. टक्कल पडलेला, गुबगुबीत माणूस, अंगात कंडक्टरचा कोट. गुबगुबीत सोफ्यात रुतून बसलेला, सतार पोटावर आडवी घेतलेली. मागे हाताची घडी घातलेली एक उंच बाई, हसू येतंय पण द्यायचं नाही अशा चेहऱ्याने.

"हाच का तो?" कुसुम म्हणाली. "केसांना वीसपैकी शून्य."

चाचांनी फोटो घेतला. उंबऱ्यात जाऊन उजेडात धरला. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिलो. त्यांनी हात बघितला, सतार बघितली, मग सोफा बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कागद घे," ते म्हणाले.

मी पेन काढलं. "काय लिहू?"

"आधी खाली बस म्हणावं."